किशोरीताईंचे उत्तरकालीन गाणे आणि आम्ही

किशोरी आमोणकरांच्या उत्तरकालीन गाण्याने आमची निराशा केली, हे वाक्य कागदावर उतरविण्यास आम्हांला बराच काळ धीर झाला नाही. ३ एप्रिल २०१७ रोजी त्या गेल्या, आणि गेलेल्या माणसाविषयी गोडच बोलावे अशी आपली रीत. तथापि ज्यांनी एकाच गळ्यावर आयुष्यभर जीव लावला, त्यांना तक्रारीचा थोडा अधिकार असावा.

संकेश्वरात राहून जयपूर घराण्याचे वेड लागावे यात नवल नाही. उत्तरेस कोल्हापूर, तेथे शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेबांनी ही गायकी रुजविली. दक्षिणेस धारवाड; तेथे मल्लिकार्जुन मन्सूर, खाँसाहेबांच्या मंजी खाँ व भुर्जी खाँ या पुत्रांचे शिष्य. घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या आम्हां जुन्या घराण्यांना दोन्हीकडचे गाणे सारखेच आपले वाटे. सीमेच्या भांडणात गायकीची वाटणी कोणी मागितली नाही, एवढे बरे.

किशोरीताई मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्या व शिष्या, आणि मोगूबाई थेट खाँसाहेबांच्या. जौनपुरी व पटबिहाग या रागांची किशोरीताईंची ध्वनिमुद्रिका आम्ही अक्षरशः झिजविली. त्या गाण्यात आकाराची लांबलचक, वळणावळणांची फिरत लयीचे बोट न सोडता चाले. आता ही समेवर कशी यायची, अशी धास्ती वाटावी, तोच ती अलगद मुखड्यात शिरे. ऐकणाऱ्यालाही स्वस्थ बसता येत नसे. मनातल्या मनात मात्रा धरून ठेवाव्या लागत, आणि सम आली की सारी बैठक एकदम डोले. या गायकीत श्रोत्यालाही कामाचा वाटा असतो, आणि आमचे प्रेम बव्हंशी त्या वाट्यावर होते.

पुढे हळूहळू त्यांचे गाणे संथ होत गेले. एकेका स्वराभोवती त्या दीर्घ काळ रेंगाळू लागल्या. ताल जणू दुसऱ्या खोलीत वाजत आहे, असे वाटू लागले. अंजनीबाई मालपेकरांकडून मिळालेली मींड आता अलंकार न राहता गाण्याचा देहच झाली. वयोमानाने गळा थकला म्हणून असे झाले, असे म्हणणारे आमच्यातही होते. ते आम्हांला मुळीच पटले नाही. रागाचा भाव हेच सर्वस्व, घराण्याच्या चौकटी त्यापुढे गौण, ही भूमिका त्यांनी मुलाखतींतून वारंवार मांडली, आणि रागरसाचा विचार ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात सविस्तर केला. म्हणजे त्या विचारपूर्वक दूर गेल्या. आमचे दुःख तेच होते. मन्सूरांनी १९९२ साली निधन होईपर्यंत अनवट रागांची ती आटोपशीर, घट्ट वीण सोडली नाही. त्यांचे म्हातारपणचे गाणे आम्हांला कधी परके वाटले नाही. किशोरीताईंच्या नव्या गाण्यापुढे मात्र आम्ही हात जोडून बसू लागलो. हात जोडले की मात्रा मोजता येत नाहीत.

यावर आमच्याच घरातून आक्षेप येतो. पुढच्या पिढीस त्यांचे नंतरचे गाणे आधी भेटले. ते ऐकताना या मुलांचे डोळे भरून येतात, हे आम्ही पाहिले आहे. ते ढोंग नव्हे. उलट आमची ती जुनी तबकडी लावली की, ‘छान आहे, पण किती घाई!’ असे ती म्हणतात. ज्या फिरतीसाठी आम्ही जीव टाकला, तिला घाई म्हणावे! या शब्दावर आमचे उत्तर अद्याप तयार नाही. त्या गाण्यात सौंदर्य नाही, असे आम्हीही म्हणत नाही. आमच्यासाठी त्यात जागा उरली नाही, एवढेच आमचे म्हणणे.

परवा मुलांनी त्यांच्या उतारवयातील मैफलीचा एक भूप लावला होता. आम्ही सवयीने मांडीवर बोट ठेवून मात्रा धरल्या. सोळावी येईपर्यंत चहा निवून गेला.