ढगातल्या रायगडावर एकटीच

महाडहून हिरकणीवाडीला पोहोचले, तेव्हा अर्धा रायगड ढगात बुडाला होता. चहावाल्या मावशींनी विचारलेच, "सोबत कुणी नाही?" घरून निघाल्यापासून हा प्रश्न चौथ्यांदा ऐकत होते.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या रोपवेमुळे सुमारे दीड हजार पायऱ्यांची चढण काही मिनिटांवर आली आहे. गुडघेदुखीवाल्यांची मोठीच सोय! पाळणा वर सरकला, खालची घरे दिसेनाशी झाली आणि काचेबाहेर नुसते पांढरे. पोटात गोळा आला, खोटे कशाला सांगू?

दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी हिरकणी गवळण याच गडाचा कडा रात्री एकटीने उतरली, असे सांगतात. तिला सोबतीचे कुणी विचारले नसेल.

वर बाजारपेठेची जोतीही धड दिसत नव्हती. जगदीश्वराच्या पायरीवरचे हिरोजी इंदुलकरांचे नाव मात्र पावसाने धुऊन निघाले होते. धुक्यात टकमक टोकाकडे जाऊ नका आणि पावसाळ्यात निघण्याआधी रोपवे सुरू आहे का, याची चौकशी करा.

परतताना पाळण्यात शेजारच्या आजींनी विचारले, "एकटीच आलीस?"

"हो."

"मी पण," म्हणत त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला.