वाचायला मोफत, वापरायला?

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवरचा एक शोधलेख नेटवर मोफत वाचायला मिळतो. त्याचा उर्दू तर्जुमा करून कर्जत-खालापूरच्या आमच्या मुलांसाठी छापावा, असं मनात आहे. पण तशी इजाजत आहे का? पानावर काहीच लिहिलेलं नाही. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ सतराव्या शतकातला, त्यावर आता कुणाचा हक्क नाही. त्यावरच्या आजच्या लेखाचा हक्क मात्र लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं राहतो.

यावर इलाज आहे. अमेरिकेतल्या ‘निसो’ या मानक संस्थेने 2015 मध्ये मेटाडेटात, म्हणजे लेखाच्या संगणकीय नोंदीत, दोन वेगळ्या खुणा सुचवल्या. लेख मोफत वाचता येतो का, ही एक. त्याला कोणता परवाना लागू आहे, ही दुसरी. गोवा विद्यापीठाने 2013 मध्ये कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय द्या, त्याच अटींवर पुढे द्या. विचारत बसायला नको.

मराठी संपादकांकडे एवढंच मागणं आहे: प्रत्येक लेखाखाली आणि त्याच्या नोंदीत परवान्याची एक ओळ लिहा. ती नसली की इमानदार शिक्षक थांबतो, आणि ज्याला पर्वा नाही तो खुशाल छापतो.