सही करण्याआधी फोन कर

नाशिक, १४ जून

चि. सईस,


तू पाठवलेली पगाराची स्लिप दोनदा वाचली, ऊर भरून आला. खाली तू लिहिलंस, "पीएफचे तीन हजार उगाच कापतात, तेवढ्यात भाड्याला हातभार लागला असता. म्हातारपणाचं तिशीनंतर बघू." फोनवर हे घाईत बोलणं होईल, म्हणून सावकाश लिहिते आहे.

१९९४ साली लग्न ठरलं आणि सातपूरच्या कारखान्यातली पाच वर्षांची नोकरी मी सोडली. एरवी पीएफ काढायला दोन महिने थांबावं लागायचं; लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला ती अट नव्हती. सगळ्यांना ती सोय वाटली, मलाही. १९ नंबरचा फॉर्म भरला, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केली, चौदा हजार हातात आले. त्यातून फ्रीज घेतला. तो बारा वर्षं चालला. त्या काळी पीएफवर बारा टक्के व्याज होतं. ते पैसे राहू दिले असते आणि २००२ साली पुन्हा नोकरीला लागल्यावर नव्या खात्यात वर्ग केले असते, तर निवृत्त होताना त्यांचे दोन लाखांवर झाले असते. मी पस्तिशीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आज माझी पेन्शन महिन्याला चार हजारांनाही पोचत नाही.

म्हणून तुझ्या तीन हजारांचा हिशेब नीट बघ. तुझा मूळ पगार २५ हजार. त्याचे बारा टक्के तू भरतेस, तेवढेच कंपनी भरते. पहिल्या नोकरीला लागताना मूळ पगार १५ हजारांच्या वर नसेल, तरच कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले १,७५० तुझ्या पीएफमध्ये; नाहीतर सगळे पीएफमध्येच. म्हणजे तीन हजार कापले की खात्यात निदान ४,७५० पडतात. मात्र पेन्शनवर विसंबू नकोस. पगार कितीही वाढला तरी आजच्या नियमाप्रमाणे तिचा हिशेब १५ हजारांवरच होतो. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. पस्तीस वर्षं राबलीस तरी साडेसात-आठ हजार. नोकरी दहा वर्षांहून कमी झाली तर पेन्शनच नाही.

तेव्हा स्वतःचंही काही हवं, आणि ते तिशीच्या आधी. मी वहीत मांडून बघितलं. पोस्टातल्या पीपीएफला सध्या ७.१ टक्के व्याज आहे. तेच कायम राहील असं धरलं, खातं चालू ठेवण्यापुरती लागणारी किमान रक्कम हिशेबात घेतली नाही. एका मुलीने तेविसाव्या वर्षापासून दर एप्रिलच्या पाच तारखेच्या आत २४ हजार भरले आणि दहा वर्षांनी थांबली. दुसरीने तेहतिसाव्या वर्षी सुरुवात केली आणि साठीपर्यंत, सत्तावीस वर्षं, न चुकता तेवढेच भरले. पहिलीने भरले २ लाख ४० हजार, दुसरीने ६ लाख ४८ हजार. साठीला पहिलीकडे सुमारे पावणेतेवीस लाख, दुसरीकडे सुमारे साडेएकोणीस. आकडेमोड तीनदा तपासली. दुसरीने पै न पै भरली, पण पहिलीच्या त्या दहा वर्षांना तिला गाठता आलं नाही.

महागाई यातलं बरंच खाऊन टाकेल, हेही सांगते. म्हणून दर पगारवाढीला ही रक्कम वाढव आणि सगळं एकाच ठिकाणी ठेवू नकोस. एनपीएस ही दुसरी पेन्शन योजना २००९ पासून सर्वांना खुली आहे. त्यातला काही भाग शेअर बाजारात जातो. हातात सदतीस वर्षं असताना तेवढे चढउतार सोसता येतात, माझ्या वयात नाही. फक्त आधी क्रेडिट कार्डाची थकबाकी फेड. तिथे महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, त्यापुढे कुठलीच बचत टिकत नाही.

गेल्या महिन्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले होते. माझ्या पुढे एक बाई होत्या, सत्तरीच्या. यंत्र त्यांच्या अंगठ्याचा ठसा घेईना. पदराने पुसून त्यांनी चारदा अंगठा टेकवला. भांडी घासून रेषाच झिजल्या, म्हणाल्या. तीस माणसांचे डबे करतात अजून. पेन्शन हजार रुपये. पाचव्यांदा ठसा उमटला तेव्हा त्यांनी मशीनला हात जोडले. मला रात्री झोप लागली नाही. कष्टांत त्या कुठेच कमी पडल्या नव्हत्या. त्यांना वेळेवर सांगणारं कोणी नव्हतं, एवढंच.

तुला सांगणारी मी आहे. बाईमाणसाच्या नोकरीत लग्न, बाळंतपण, बदलीचं गाव, आजारी सासू-सासरे असे खंड पडतात. ते तुझ्या वाट्याला येऊ नयेत अशी माझी इच्छा आहे, पण आलेच तर आधीची वर्षंच तुला सांभाळतील. म्हणून किती भरायचं यावर अडून बसू नकोस. महिन्याला दोन हजार जमत नसतील तर पाचशे भर, पण येत्या पगारापासून.

आणि नोकरी बदललीस की पीएफ नव्या खात्यात वर्ग कर. कोणी म्हणालं, "काढून टाक, नाहीतरी थोडेच आहेत," आणि तो फॉर्म तुझ्यासमोर आला, तर सही करण्याआधी मला फोन कर. कितीही वाजलेले असोत.

तुझी,
मावशी