टाकी कधीच रिकामी नसते

गॅसवाहू जहाजाची टाकी रिकामी अशी कधीच नसते. माल उतरला, पंपाने तळाचं शेवटचं द्रव ओढून घेतलं, तरी आत त्या मालाची वाफ उरते. वाफ काढली की इनर्ट गॅस, म्हणजे आगीला साथ न देणारा वायू, असतो. तो काढला की हवा असते आणि हवेच्या पोटात पाणी. गॅस इंजिनिअर म्हणून माझं बरंचसं आयुष्य टाकीत जे आहे ते हुसकावून तिथे दुसरं काही आणून ठेवण्यात गेलं. प्रत्यक्ष माल भरायला दीड-दोन दिवस लागतात आणि तेव्हा सगळे कंट्रोल रूममध्ये चहा पीत आकड्यांकडे बघत बसलेले असतात. घाम त्याच्या आधीच गळून गेलेला असतो.

आमच्या मालवणात बोटीवरचा माणूस ही काही नवलाई नाही. सारंग, टंडेल, खलाशी म्हणून इथल्या पिढ्या मुंबईच्या गोदीतून जगभर गेल्या. पण गॅसची बोट म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर लाल सिलेंडरच्या रांगाच येतात. शेजारच्या आबांनी एकदा विचारलं, "गॅस भरूच्या आदी टाकयेत काय आसता रे? रिकामीच मां ती?"

"नाय आबा, हवा आसता."

"हवा म्हणजे रिकामीच मां!"

आबांना काय सांगणार? आमचा सगळा धंदा नेमका या वाक्याच्या विरोधात उभा आहे.

आधी आकार सांगतो. मोठ्या एलपीजी जहाजाची क्षमता साधारण ८४,००० घनमीटर. ती बहुधा चार टाक्यांत वाटलेली, म्हणजे एकेक टाकी २१,००० घनमीटरची. जहाज भरलं की पोटात ४५,००० टनांच्या आसपास गॅस असतो. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलेंडरच्या हिशेबात ते तीस लाखांहून जास्त होतात आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या होती साडेआठ लाख. हा गॅस आम्ही दाबाखाली नेत नाही, थंड करून नेतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. त्याला त्याच्या आसपास ठेवलं की तो जवळजवळ वातावरणाच्याच दाबावर निमूट पाण्यासारखा पडून राहतो. म्हणून या टाक्या सिलेंडरसारख्या जाडजूड नसतात. पाव बारच्या थोड्या वर दाब गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतात. एवढं नाजूक भांडं, आणि त्यात एवढा थंड माल.

जहाज ड्राय डॉकमधून बाहेर पडतं तेव्हा टाकीत साधी हवा असते. समजा महिना जुलै आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या त्या दिवसांतल्या हवेत दर घनमीटरला वीस-बावीस ग्रॅम पाणी असतं. ते दिसत नाही, पण वाळत घातलेली पँट तीन दिवस ओली राहते तेव्हा कळतं. एका टाकीत २१,००० घनमीटर हवा. गुणाकार केला की साडेचारशे किलो पाणी! टाकीच्या भिंतीला हात लावा, कोरडी ठणठणीत. तरी आत साडेचारशे किलो पाणी तरंगतंय. ते तसंच ठेवून थंड प्रोपेन सोडला तर भिंतींवर, पाइपांत, स्प्रेच्या बारीक भोकांत बर्फ धरतो. त्याहून वाईट म्हणजे पाणी आणि प्रोपेन मिळून हायड्रेट तयार होतात. दिसायला चुरलेल्या बर्फासारखे, पण शून्याच्या वरही काही अंशांपर्यंत टिकून राहणारे. गाळणी तुंबतात, डीपवेल पंपाचा लांबलचक दांडा जागच्या जागी धरला जातो, आणि मग मिथेनॉल ओतून तासन्‌तास वाट बघत बसावं लागतं.

म्हणून पहिलं काम वाळवणं. जहाजावरच्या ड्रायरमधून कोरडी केलेली हवा किंवा कोरडा इनर्ट गॅस टाकीत फिरवत राहायचं आणि दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, मोजत राहायचं. दवबिंदू उणे २० पर्यंत आणला की घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम पाणी उरतं, म्हणजे टाकीत वीसेक किलो. उणे ४० ला नेला तर अडीच-तीन किलो. नवी पोरं मीटरवर एकदा आकडा दिसला की "सर, झालं" म्हणून मोकळी होतात. मी त्यांना थांबायला लावतो. पंखे बंद करायचे, एक-दोन तास टाकी तशीच सोडायची आणि मग पुन्हा मोजायचं. पंपाच्या खड्ड्यात किंवा पाइपाच्या एखाद्या वाकणात पाण्याचं डबकं असेल तर दवबिंदू हळूहळू परत वर चढतो. वाहत्या हवेत घेतलेल्या आकड्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

या सगळ्याच्या आधी एकदा आत उतरून यावं लागतं. परमिट, वर-मधे-खाली ऑक्सिजन मोजून २०.९ टक्के आल्याची खात्री, झाकणाशी उभा माणूस, हे सगळं रीतसर. त्यात घाई करणाऱ्याशी मी कधी दोस्ती ठेवली नाही. बंद जागेत जहाजावरची माणसं आजही मरतात, आणि पुष्कळदा दुसरा मरतो तो पहिल्याला काढायला म्हणून गेलेला. आत शोधायचं काय? डॉकवाल्यांनी विसरलेली चिंधी, वेल्डिंगच्या कांडीचा तुकडा, वायरची बांधणी. मला एकदा चक्क अर्धं प्यालेलं कोल्ड्रिंक मिळालं होतं, खड्ड्याच्या कडेला नीट ठेवलेलं. चिंधी दिसायला क्षुल्लक, पण पंपाच्या तोंडाशी गेली की पुढच्या बंदरात एक टाकी उतरवताच येत नाही.

वाळवल्यावर इनर्टिंग, म्हणजे ऑक्सिजन हाकलणं. प्रोपेन हवेत साधारण २ ते साडेनऊ टक्के असला की पेटू शकतो. पण ऑक्सिजनच ११-१२ टक्क्यांच्या खाली गेला तर गॅस कितीही असो, पेटत नाही. आम्ही पाचाच्या खाली आणतो, कारण मीटर चुकतो आणि टाकीचे कोपरे लबाड असतात. ब्युटाडाइनसारखा माल असेल तर दशांशातली भाषा सुरू होते. तो ऑक्सिजन मिळाला की स्वतःशीच जुळत जाऊन भलतंच काहीतरी तयार करतो. बऱ्याच जहाजांवर डिझेल जाळूनच इनर्ट गॅस तयार होतो. त्यात बहुतांश नायट्रोजन आणि चौदा टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड.

इथपर्यंत इनर्ट गॅस आपला तारणहार. पुढच्याच पायरीला तो कचरा ठरतो. या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. जहाजावरचं रिलिक्विफॅक्शन यंत्र प्रोपेनची वाफ दाबून, थंड करून पुन्हा द्रव करतं. नायट्रोजनला ते काही करू शकत नाही. तो कंडेन्सरमध्ये जाऊन बसतो, दाब चढत जातो आणि कॉम्प्रेसर अडून बसतो. तेव्हा इनर्ट गॅसही बाहेर काढायचा आणि त्या जागी प्रोपेनची वाफ आणायची. याला गॅसिंग अप म्हणतात.

इथे वजनाची जाण लागते. प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड. ती तळातून हळू सोडली तर तळाशीच थर धरते आणि हलक्या इनर्ट गॅसला वर ढकलत व्हेंट मास्टमधून बाहेर काढते. नीट जमलं तर टाकीभर गॅस काढायला टाकीभर, फार तर दीड टाकी वाफ लागते. २१,००० घनमीटरला अडतीसेक टन. जोरात सोडली की मात्र दोन्ही घुसळून निघतात. मग जे बाहेर जातं त्यात आपलाच प्रोपेन असतो, आणि आतला इनर्ट गॅस दोन टक्क्यांवर आणायला गणिताने चार टाक्या वाफ लागते. म्हणजे दीडशे टन. उरलेले शंभर-सव्वाशे टन माल आकाशात. कुणाला वाटतं व्हॉल्व्ह जास्त उघडला की काम लवकर होतं. या पायरीवर उलटं आहे. हळू केलेलं काम घड्याळातही आधी संपतं. वरच्या, मधल्या आणि खालच्या नमुना नळ्यांमधून वास घेत फिरायचं, असं आम्ही म्हणतो खरं, पण नाकाचा इथे उपयोग नाही. घरगुती गॅसचा तो उग्र वास किनाऱ्यावर मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टनचा असतो. जहाजावरच्या प्रोपेनला बहुधा वासच नसतो. मीटर खालच्या नळीत शंभराच्या जवळ आणि वरच्या नळीत अजून शून्य दाखवत असेल, तर थर शाबूत आहे, झोपायला जायला हरकत नाही.

हे काम धक्क्यावर उभं राहून करू देणारी बंदरं कमीच. तिथे वायू हवेत सोडायला मनाई. म्हणून जहाज आधी धक्क्याला लागतं, डेकवरच्या छोट्या टाकीत थोडं द्रव घेतं, मोकळ्या समुद्रात जाऊन गॅसिंग अप आणि कूलिंग करतं आणि परत येतं. जिथे माल भरतो त्या आखाताच्या बाहेर वाऱ्याची दिशा बघत, राहण्याच्या जागेवर वाफ येणार नाही अशा अंगाने जहाज धरून ठेवायचं हे कॅप्टनचं काम. त्यात खरं कसब आहे, आणि त्याची कुठे नोंद होत नाही.

मग कूलडाउन. तीस अंशांची टाकी आपल्याला गार वाटेल, पण उणे बेचाळीसच्या प्रोपेनला ती घावण्यांसाठी तापवलेल्या बिडाच्या तव्यासारखी आहे. द्रव पडलं की चर्रर्र होऊन वाफ, आणि वाफेचा दाब. म्हणून द्रव ओतायचं नाही, वरच्या स्प्रे लाइनमधून शिंपडायचं. शिंतोडे हवेतच उडून जातात, जाताना उष्णता घेऊन जातात, आणि ती वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो. तासाला दहा अंशांपेक्षा जास्त वेगाने उतरायचं नाही, कारण पोलाद आखडतं. वरचा भाग गार आणि तळ गरम राहिला तर ताण नेमका जोडांवर येतो. टाकी लाकडाच्या ठोकळ्यांवर बसलेली असते. आखडताना ती त्यांच्यावरून किंचित सरकते आणि कुरकुरते. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. टाकीभोवतीच्या होल्डमधला इनर्ट गॅसही तेव्हा गार होऊन आक्रसतो, तिथला दाब घसरतो, आणि तिथे कोरडा गॅस भरत राहिलं नाही तर आत दमट हवा ओढली जाऊन टाकीच्या बाहेरून बर्फ धरतो. सगळ्यांचं लक्ष टाकीकडे असतं, म्हणून होल्डवर मी एक माणूस वेगळा ठेवतो.

ही सगळी उतरंड प्रोपेनची. माल बदलला की नियम उलटे होतात. मुरगाव बंदरात झुआरीनगरच्या खत कारखान्यासाठी अमोनिया उतरतो, आपल्या सावंतवाडीपासून गाडीने दोन-अडीच तासांवर. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी, म्हणून ती वरून सोडायची. आणि ज्या इनर्ट गॅसवर आपली एवढी भिस्त, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडशी अमोनिया लगेच संयोग पावून कार्बामेटची पांढरी भुकटी तयार करतो. सगळे व्हॉल्व्ह आणि गाळणी भरून जातात. म्हणून अमोनियाआधी किनाऱ्यावरचा शुद्ध नायट्रोजन हवा. उतरवल्यानंतर पाण्याने धुवायचं, पण तेही आधी हवा खेळवून वाफ काढल्यावरच. पाणी अमोनिया एवढा आणि इतक्या झपाट्याने पितं की वाफेने भरलेल्या टाकीत पाण्याचा फवारा मारला तर आत निर्वात होऊन टाकी आत दबू शकते. आणि अमोनियाचा अंश एलपीजीत राहून गेला तर तो थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. सिलेंडरचा व्हॉल्व्ह पितळेचा, आणि अमोनिया पितळेला तडे पाडतो.

एलएनजीचं तर गणितच वेगळं. उणे १६२ अंश. तिथे कार्बन डायऑक्साइड स्वतःच गोठून बर्फ होतो, म्हणून तो एक टक्क्याच्याही खाली न्यावा लागतो. मिथेनची वाफ आधी गरम करून वरून सोडतात, कारण कोमट मिथेन हलका आणि फार थंड मिथेन हवेपेक्षा जड. २००४ च्या जानेवारीत 'दिशा' जहाजाने कतारहून दहेजला देशातला पहिला एलएनजी आणला. कोकणात तो दाभोळला २०१३ पासून येऊ लागला. लाटा अडवणारा बांध पुरा नसल्याने दाभोळचा धक्का बरीच वर्षं पावसाळ्यात बंदच असायचा, मालवणच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात त्याच दिवसांत. समुद्र कोणाला सूट देत नाही, एवढंच.

आता ज्यावरून माझं ऑफिसशी वाजतं ते सांगतो. वर लिहिलेला सगळा खटाटोप टाळायचा एक सोपा मार्ग आहे. पुढचा मालही तोच असेल तर माल उतरवताना तळाशी थोडं द्रव शिल्लक ठेवायचं. त्याला आम्ही हील म्हणतो. परतीच्या वाटेवर ते अधूनमधून स्प्रेने वर उडवत राहिलं की टाकी थंडच राहते, आत फक्त प्रोपेनची वाफ असते, आणि आखातात पोचताच सरळ पाइप जोडून भरायला सुरुवात. जहाज भाड्याने घेणाऱ्या चार्टररच्या हिशेबात ते शे-दोनशे टन म्हणजे न विकलेला माल. माझ्या हिशेबात ते पुढच्या बंदरातले दोन-तीन दिवस आणि आकाशात न गेलेला गॅस. उरणला शेवटची टाकी निथळत असताना "अजून किती काढता येईल?" असा निरोप येतोच. मी आकडा कळवतो, खाली कारण लिहितो. त्यावर उत्तर येतं, त्यावर माझं उत्तर जातं. तोवर पायलट उतरून गेलेला असतो, प्रोंग्ज दीपगृह मागे पडलेलं असतं, आणि मी पंपमनला सांगून ठेवतो की रात्री आठला स्प्रे पंप लाव, तळाचं तापमान उणे अडतीसच्या वर जाऊ देऊ नकोस.