खुणेपर्यंत

बारावीच्या बोर्डाच्या प्रॅक्टिकलला मुलं लॅबमध्ये येतात तेव्हा टेबलांवर बाटल्या मांडून झालेल्या असतात. एकीत परमँगनेट, दुसरीत मोहर सॉल्ट किंवा ऑक्झॅलिक आम्ल, तिसरीत विरल सल्फ्युरिक. मुलांनी ब्युरेट भरायचा, रीडिंग घ्यायचं, गणित मांडायचं. त्या बाटल्या भरणं हे माझं काम. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहाय्यक आहे, आणि रसायनशास्त्राशी माझी खरी ओळख स्टॉक करता करताच झाली.

आकडेमोड त्यातला सर्वांत सोपा भाग. ०.१ नॉर्मलच्या एक लिटरसाठी ऑक्झॅलिक आम्ल ६.३ ग्रॅम, मोहर सॉल्ट ३९.२ ग्रॅम, परमँगनेट ३.१६ ग्रॅम. हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यात आहे. पदार्थाचा स्वभाव मात्र तक्त्यात नसतो.

ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक गुणी. शुद्ध मिळतात, हवेत बिघडत नाहीत, तोलले तेवढेच द्रावणात उतरतात. म्हणून तर त्यांना प्रायमरी स्टँडर्डचा मान. कॉस्टिक सोड्याच्या गोळ्यांचं उलटं. जुलै-ऑगस्टमध्ये डबी उघडून काट्यावरच्या बीकरमध्ये चार गोळ्या टाकाव्यात, तर बघता बघता त्यांच्यावर ओली चकाकी येते आणि काट्यावरचा शेवटचा आकडा हळूहळू वर चढत राहतो. आपण हात लावलेला नसतो. हवेतलं पाणी येऊन बसत असतं. कार्बन डायऑक्साइडही येतो आणि गोळीवर कार्बोनेट धरतं. त्यामुळे ४ ग्रॅम तोलून लिटर केलं, तरी लेबलावर लगेच ०.१ लिहायचं नाही. आधी ऑक्झॅलिकशी टायट्रेशन करायचं आणि जी संहती निघेल ती लिहायची. या बाटलीला काचेचं बूच चालत नाही, जागच्या जागी घट्ट बसतं. रबराचं लावायचं.

परमँगनेटला सर्वांत जास्त सवड द्यावी लागते. त्यात मँगनीज डायऑक्साइडचा अंश असतो, पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याशीही ते झगडतं आणि आणखी डायऑक्साइड तयार होतो. तोच पुढे उरलेल्या परमँगनेटचं विघटन वाढवतो. म्हणून द्रावण उकळायचं, गार झालं की झाकून ठेवायचं, मग काचेच्या लोकरीतून गाळायचं. फिल्टर पेपर वापरला तर कागदच परमँगनेट खातो. नंतर गडद तपकिरी बाटली आणि कपाटाचा अंधार. मोहर सॉल्टला वेगळी काळजी: पाण्यात आधी थोडं विरल सल्फ्युरिक हवं, नाहीतर तासाभरात हिरवट झाक जाऊन गंजाचा पिवळेपणा दिसू लागतो. म्हणून ते मी परीक्षेच्या दिवशी सकाळीच करते. आदल्या संध्याकाळी करून मोकळं व्हावं असं वाटणं साहजिक आहे, पण त्या बाटलीवर कुणाचे तरी मार्क अवलंबून असतात.

संहत सल्फ्युरिक विरल करताना लॅबमध्ये मी आणि आमचे शिपाई मामा, एवढेच. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही, हे वाक्य मुलांना पाठ असतं. कारण विचारलं की गप्प होतात. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक पाण्याच्या १.८४ पट जड. वरून पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं, जिथे दोन्ही भेटतात तिथे एका क्षणात उकळतं आणि आम्लासकट उडतं. उलट केलं की आम्ल तळाशी जाताना भरपूर पाण्यात उष्णता वाटून टाकतं. २ नॉर्मलच्या एका लिटरला साधारण ५६ मिलिलिटर आम्ल पुरतं. तेवढंही काचेच्या कांडीवरून बारीक धारेनं सोडताना बीकर हाताला पोळतो. बीकर पाण्याच्या टबात असतो. "मॅडम, पाणी बदलू का?" मामा मध्येच विचारतात, आणि बहुतेक वेळा बदलावंच लागतं. गरम द्रावण खुणेपर्यंत भरायचं नाही. गार झाल्यावर ते आकसतं आणि पातळी खुणेखाली जाते. फ्लास्कवर तापमान छापलेलं असतं, काहींवर २०, काहींवर आपल्याकडचं २७ अंश. मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये त्याहून पुष्कळ जास्त असतं. म्हणून बारीक काम सकाळी लवकर.

मुलांनी पाहावा असा भाग पुढचा आहे. खुणेच्या थोडं खाली थांबायचं, फ्लास्कची मान डोळ्यांच्या रेषेत धरायची आणि ड्रॉपरनं एकेक थेंब सोडायचा, वक्राचा तळ खुणेला टेकेपर्यंत. परमँगनेट इतकं गडद की तळ दिसतच नाही. तिथे वरची कड धरायची. मग बूच लावून फ्लास्क उलटा करायचा. उजेडाकडे धरलं तर आत तेलासारख्या रेषा वळवळताना दिसतात: खालचं दाट द्रावण वरच्या पाण्यात मिसळत असतं. त्या पूर्ण नाहीशा होईपर्यंत उलटसुलट करत राहायचं. हे टाळलं तर पिपेट वरून पाणी उचलेल आणि तळातून भलतंच काही.

गेल्या वर्षी अकरावीच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ०.१ चं ०.०२ करायला ५० मिलिलिटरमध्ये २०० पाणी ओतलं तर चालेल ना? खुणेपर्यंत कशाला भरायचं?" फार चांगला प्रश्न होता. मी तिला दोन मोजपात्रं दिली, एकात ५० स्पिरिट, दुसऱ्यात ५० पाणी. दोन्ही एकत्र केली, तर १०० भरेना. तीनेक मिलिलिटर कमी. तिनं पुन्हा मोजलं, मग मैत्रिणीला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं. आपल्या विरल द्रावणांत फरक इतका पडत नाही, हेही मी सांगितलं. पण आकारमानांची बेरीज गृहीत धरायची नसते, हे तिला पटलं, आणि पिपेटनं ५० घेऊन २५० च्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरायचं कशासाठी, तेही.

तयार बाटली हातात दिली की असे प्रश्न पडत नाहीत. टायट्रेशनला मार्क आहेत, स्टॉकला नाहीत, म्हणून तो कुणी शिकवत नाही. मला हे चूक वाटतं, आणि मी विभागप्रमुखांकडे तसा हट्ट धरला. यंदा त्यांनी अकरावीच्या वेळापत्रकात दोन प्रॅक्टिकल फक्त द्रावणं करण्यासाठी ठेवली आहेत. पहिल्यात ऑक्झॅलिकचा स्टॉक, दुसऱ्यात त्यातून विरल द्रावण, ज्याच्या त्याच्या हातानं. सोड्याच्या गोळ्या मात्र पाऊस ओसरल्यावर काढायच्या, असं आमचं ठरलं आहे.