अंदाजपत्रकात आमची गल्ली

उद्या पाणी येणार नाही, ही बातमी आमच्या जुन्या नाशकात सगळ्यांत आधी चहाच्या टपरीवर पोहोचते आणि सगळ्यांत शेवटी तिच्यापर्यंत, जिला हंडे भरून ठेवायचे असतात. पेपर घरातले पुरुष वाचतात, महापालिकेचा मेसेज त्यांच्याच ग्रुपवर येतो, जुम्याच्या नमाजनंतरच्या चार गोष्टीही त्यांच्याच कानावर पडतात. म्हणून आता आम्ही गल्लीतल्या बायकांनी आपला वेगळा ग्रुप केला आहे. पाणी, लसीकरण, घंटागाडीची वेळ, जे कळेल ते तिथे टाकतो. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांना शेजारणीची मुलगी जाऊन सांगते.

पण बातमी कळणे वेगळे आणि काम होणे वेगळे. काझीच्या गढीचेच पाहा. गोदाकाठच्या त्या ढासळत्या टेकाडावरच्या कुटुंबांना पावसाळ्याच्या तोंडावर घरे रिकामी करण्याच्या नोटिसा येतात. नोटीस म्हणजे माहिती. ती वेळेवर मिळालीच पाहिजे. पण लेकरांना घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर नोटिशीत नसते. ते पैशाच्या तरतुदीत असते.

ही तरतूद कशी होते, ते मला गल्लीतल्या एका निवृत्त चाचांनी समजावले. मी म्हटले, "चाचा, गटारीसाठी विचारले की निधी नाही म्हणतात." ते हसले. "बेटी, निधी असतो. पण आधीच त्याच्यावर दुसऱ्या कामाचे नाव पडलेले असते."

महापालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्याआधी आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, मग ते महासभेत जाते. पगार, वीज, देखभाल असा बांधील खर्च आधी बाजूला निघतो. उरलेल्यात रस्ते, गटारी, दवाखाने. म्हणजे जुलैत गटार तुंबल्यावर मागणी केली, तर साफसफाई होईल; नवी गटार मात्र बहुधा पुढच्या वर्षावर जाईल. मागणी दिवाळीच्या आसपासच लेखी गेलेली बरी.

आपल्या शहरात ३१ प्रभाग आणि १२२ नगरसेवक आहेत. बहुतेक प्रभागांत चार जण, आणि एकूण निम्म्या जागा महिलांच्या. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता दार ठोठावायला पुन्हा माणसे आहेत. त्यातच सिंहस्थ आला आहे. लाखो पाहुणे येणार, तर घाट, रस्ते, पाणी यांना अग्रक्रम मिळणारच, आणि पाहुण्यांची सोय व्हायलाच हवी. पण घरात लग्न निघाले म्हणून आजीचे औषध थांबवत नाहीत. मोठ्या कामांच्या यादीत छोट्या गल्लीचे नावही टिकले पाहिजे, आणि ते टिकवण्याचे काम आपले आहे.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. आपल्यालाही विभागीय कार्यालयात अर्ज देता येतो. अर्जात एकच काम लिहावे, जागा नेमकी सांगावी, सह्या बायकांच्याही घ्याव्यात आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये. पुढे काय झाले ते कळले नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. १० रुपयांच्या अर्जावर साधारण ३० दिवसांत उत्तर मागता येते.

आमच्या अर्जावर २३ सह्या झाल्या. त्यातल्या १४ बायकांच्या. एका खालांना लिहिता येत नाही, त्यांनी अंगठा दिला आणि विचारले, "हे माझ्या नावाने जाणार ना?" हो खाला, तुमच्याच नावाने.