जामीन मंजूर, माणूस आत

चि. मुक्ता हिस,


न्यायाधीश म्हणून निवड झाल्याचं तुझ्या आईने कळवलं आणि मी बाररूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले. आता उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण, मग कुठल्याशा तालुक्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून नेमणूक. परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, इतकी वर्षं आरोपींची वकिली केलीस. ही व्यवस्था न्यायाची आहे का गं?" मागे पुकारा चालू होता, म्हणून तेव्हा बोलता आलं नाही. आज रविवार आहे, निवांत लिहिते.

कायदा वाचलास तर तो बराचसा न्यायाचाच आहे. अन्याय होतो तो बहुतेक वेळा निकालाच्या दिवशी नव्हे, पहिल्या आठवड्यात होतो: अटक, रिमांड, जामीन. आणि हा आठवडा सर्वोच्च न्यायालयाच्या हातात नसतो, तुझ्या हातात असणार आहे.

रिमांडचं काम तू पाहिलेलं आहेस. दुपार कलल्यावर पोलीस दोघातिघांना घेऊन येतात. अर्जातली वाक्यं ठरलेली असतात: साथीदारांचा शोध घेणे आहे, मुद्देमाल हस्तगत करणे आहे, सखोल तपास करणे आहे. नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर बदलला की अर्ज तयार. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" आरोपी म्हणतो, "नाही साहेब." हे म्हणताना त्याच्या दंडावर शिपायाची बोटं असतात आणि रात्री त्याला त्याच कोठडीत परत जायचं असतं. तू शिपायाला आधी दाराशी उभं राहायला सांग, मग विचार. त्याला शर्टाची बाही वर करायला लाव. दोन मिनिटं जातात, पण ती जाऊ देत. अटकच का केली, हेही लेखी माग. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आपोआप अटक करायची नाही आणि मॅजिस्ट्रेटनेही डोळे झाकून कोठडी द्यायची नाही, असं अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बजावलं. तरी छापील तक्त्यावर बरोबरच्या खुणा करून अर्ज येतात, आणि 'एमसीआर', म्हणजे न्यायालयीन कोठडी, होऊन पोरगा जेलमध्ये जातो.

आता जामिनाचं सांगते. यासाठीच मुख्यतः लिहायला बसले.

माझ्याकडे विधी सेवा प्राधिकरणातर्फे एक मुलगा आला होता. वीटभट्टीवर काम करायचा, मोटारसायकल चोरीचा आरोप. जामीन मंजूर झाला: पंधरा हजार रुपये आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. आदेश ऐकून त्याची आई पाया पडली, तिला वाटलं पोरगा संध्याकाळी घरी येणार. मी तिला यादी सांगितली: जामीनदाराचं आधारकार्ड, रेशनकार्ड, फोटो, आणि सातबारा किंवा घरपट्टीची पावती. नाहीतर तहसीलचा ऐपतीचा दाखला. ती नुसती ऐकत राहिली. पालात राहणाऱ्या बाईच्या ओळखीत सातबारावाला कोण असणार? भट्टीमालक हात वर करून मोकळा झाला. कोर्टाच्या फाटकाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार मिळतात, पण त्यांचा दरही तिच्या आवाक्याबाहेरचा. रोख जामिनासाठी अर्ज केला, रक्कम कमी करण्यासाठी केला, तारखा पडत गेल्या. जामीन मंजूर होऊनही तो दिवाळी, संक्रांत आणि होळी आतच होता. त्याच गुन्ह्यातला दुसरा आरोपी बागायतदाराचा मुलगा, तो आदेशाच्या दिवशीच सुटला. आरोप तोच आणि आदेशही शब्दशः तोच, मुक्ता. एकाच्या घरी सातबारा होता, एवढाच फरक.

हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. 1978 सालीच मोतीराम प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे एक गवंडी आला होता. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगातले लोक समोर आले, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही जास्त काळ खटल्याविना आत असलेले. त्यानंतर कायदा बदलला. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर माणूस गरीब आहे असं धरून त्याला जातमुचलक्यावर सोडावं लागतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि काही अपवाद सोडले, तर याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायचं आहे. जामीन होऊन महिनाभरात बंधपत्र देता आलं नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या जानेवारीत सांगितलं. एवढं सगळं असून 2022 अखेर देशाच्या तुरुंगांतल्या दर चार माणसांतली तीन कच्चे कैदी होती, म्हणजे दोषी ठरलेली नव्हती.

तुला आता लोक म्हणतील, आरोपींचेच लाड का? फिर्यादीला कोण विचारतं? या प्रश्नाने मलाही झोप लागत नाही, म्हणून तुला आमच्या नाशिकचा खटला सांगते. 2003 च्या जूनमध्ये शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बलात्कार झाले. घरातली आई जखमी होऊन वाचली. दोनच दिवसांत तिने दंडाधिकाऱ्यासमोर पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखून दाखवले. त्या चौघांना पोलिसांनी हातही लावला नाही. खटला चालला तो भलत्याच सहा जणांवर. ते भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. 2006 साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर ठरलं. फेरविचार होऊन 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली आणि तपासात कसूर करणाऱ्या पोलिसांवर कारवाई करायलाही.

त्या चार फोटोंची ओळख कुठल्या गुप्त कागदात नव्हती, रेकॉर्डवर होती. तीन न्यायालयांतून ती गेली, फाशीच्या आदेशांखालून गेली, आणि कोणी थांबलं नाही. का थांबलं नाही याचं माझं उत्तर कटू आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या जमातींच्या लोकांना जन्मानेच चोर ठरवलं होतं. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांच्या पिढ्या डांबल्या. तो कायदा 1952 साली गेला, पण चौकीत अजून चोरी झाली की आधी पालांकडे जीप वळते. असा माणूस समोर आला की पुराव्यातलं भोक दिसायला आपल्याला जास्त वेळ लागतो.

आणि त्या आईचं काय झालं ते बघ. पोरंबाळं गेली, जखमी अवस्थेत तिने चेहरे ओळखले, आणि तिच्या शब्दालाच कोणी विचारलं नाही. सोळा वर्षांनी न्यायालयाने सांगितलं की तिच्या घरच्यांना मारणारे म्हणून जे आत होते, ते ते नव्हतेच. खरे कुठल्या कुठे गेले. आरोपीच्या बाजूने कागद नीट वाचला गेला असता, तर त्यात आधी तिचं भलं होतं. म्हणून लाडांची भाषा मला सहन होत नाही.

तुझ्याकडे दिवसाला शंभरावर प्रकरणं लागतील. कैदी हजर करायला गार्ड नाही म्हणून तारखा पडतील, व्हिडिओ कॉन्फरन्सवर चेहरा दिसेल तर आवाज येणार नाही. कामाच्या रेट्यात चांगली माणसंही पंधरा हजार, वीस हजार असे आकडे सवयीने लिहून मोकळी होतात. तू आकडा लिहिण्याआधी समोरच्याला विचार: काम काय करतोस, मजुरी किती, घरचं कोणी आलंय का, जामीन कोण राहील? मग लिही. आणि रुजू झालीस की पहिल्या महिन्यातच कारागृह अधीक्षकांना पत्र पाठवून जामीन होऊनही न सुटलेल्यांची यादी मागव. यादी आली की त्या प्रकरणांच्या फायली त्याच आठवड्यात बोर्डावर घे. शिरस्तेदार म्हणतील, मॅडम, बोर्ड आधीच भरलाय. तरी घे.

आईला नमस्कार सांग. माझ्या जुन्या फौजदारी टिपणवह्या बांधून ठेवल्यात, उत्तनला जाण्याआधी घेऊन जा.

तुझी,
मावशी